तोत्तोचानच्या शाळेचा पट

जपानी साहित्यातून मराठीत आलेली पुस्तके मोजकीच आहेत. त्यांपैकी ज्याचे नाव प्राथमिक शिक्षकापासून अध्यापक विद्यालयातील विद्यार्थिनीपर्यंत बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते असे पुस्तक एकच, आणि ते म्हणजे ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत त्यातील उतारे वाचून दाखविले जातात, शाळेच्या निरोपसमारंभात ते भेट म्हणून दिले जाते आणि वर्षातून एकदा तरी कोणी वक्ता ‘आपल्या शाळा तोमोएसारख्या झाल्या पाहिजेत’ असे म्हणून टाळ्या घेतो. या टाळ्यांचा आणि त्याच वक्त्याच्या कार्यालयातून निघणाऱ्या परिपत्रकांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पुष्कळ वाचक या पुस्तकाला लघुकादंबरी समजतात. आकार तसाच, प्रकरणे दोन-तीन पानांची, आणि पानापानांवर डोकावणारी मुलांची चित्रे. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी मात्र हे सारे घडलेले आहे, यातील एकही प्रसंग रचलेला नाही, असे आवर्जून सांगितले आहे. १९३३ साली जन्मलेली ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढली गेली. बाकाचे झाकण शंभरदा उघडमीट करणे, खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणे, पाकोळ्यांशी बोलणे हे तिचे अपराध. आईने तिला टोकियोच्या जियुगाओका भागातील ‘तोमोए’ नावाच्या शाळेत नेले. तेथे वर्ग भरत ते आगगाडीच्या जुन्या, मोडीत काढलेल्या डब्यांत. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी या नव्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतले आणि तिला शाळेत घेतले. पुढे सारे पुस्तक त्या चार तासांचाच विस्तार आहे.

मूळ जपानी शीर्षकाचा अर्थ ‘खिडकीजवळची तोत्तोचान’ असा होतो. त्यात एक खोच आहे आणि ती कारकुनी पेशातल्या वाचकाला चटकन कळावी. १९७०-८०च्या दरम्यान जपानी कंपन्यांमध्ये ‘खिडकीजवळचे लोक’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला होता. ज्यांना काढून टाकता येत नाही पण ज्यांच्याकडे काम सोपवायचेही नाही, अशा उतारवयाच्या नोकरांना खिडकीजवळचे टेबल दिले जाई. मुख्य प्रवाहातून हळूच बाजूला सारलेली माणसे ती. लेखिकेने तो शब्द एका सहा वर्षांच्या मुलीला लावला. पहिल्या शाळेत ती खिडकीशी उभी राही हे खरेच होते, पण शाळेने तिलाही तसेच बाजूला सारले होते हेही तितकेच खरे होते.

पुस्तकाच्या प्रकाशनाची कथा मजकुराइतकीच बोधप्रद आहे. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या स्त्रियांसाठी निघणाऱ्या एका मासिकात हा मजकूर १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत क्रमशः छापला गेला आणि १९८१ साली त्याचे पुस्तक झाले. लेखिका दूरदर्शनवरील लोकप्रिय मुलाखतकार होती. तिचा मुलाखतींचा कार्यक्रम १९७६ पासून चालू होता. तथापि केवळ प्रसिद्धीच्या जोरावर एखादे पुस्तक दोन वर्षांच्या आत चाळीस लाखांवर खपत नाही. १९८२ साली डोरोथी ब्रिटन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला, पुढे जगातील अनेक भाषांत अनुवाद झाले, आणि आता एकूण प्रतींचा आकडा अडीच कोटींच्या पलीकडे गेला आहे. मानधनाचे जे द्रव्य आले त्यातून लेखिकेने कर्णबधिर कलावंतांच्या नाट्यमंडळीसाठी एक न्यास उभा केला. बेचाळीस वर्षांनी, २०२३ साली, पुस्तकाचा पुढचा भाग निघाला आणि त्याच वर्षी त्यावरचा चित्रपटही आला.

चित्रांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ती या पुस्तकासाठी काढलेलीच नव्हेत हे फार थोड्या वाचकांना माहीत असते. चिहिरो इवासाकी ही चित्रकर्ती १९७४ सालीच निवर्तली होती. पाण्यात विरघळत जाणाऱ्या रंगांनी तिने आयुष्यभर मुले काढली. व्हिएतनाममधील युद्धाच्या वेळी, १९७३ साली, तिने युद्धाच्या ज्वाळांतील मुलांवर एक चित्रपुस्तक केले, ते तिच्या अखेरच्या कामांपैकी एक. तिच्या राहत्या घराच्या जागी १९७७ साली टोकियोत संग्रहालय उभे राहिले. तेत्सुकोबाईंनी तेथे ठेवलेल्या हजारो मूळ चित्रांतून आपल्या एकेका प्रसंगाला शोभेल असे चित्र निवडून घेतले. कधी न भेटलेल्या तोत्तोला चिहिरोने आधीच काढून ठेवले होते असे वाटावे, इतकी ती निवड नेमकी आहे.

हे शक्य का झाले? तर चिहिरोने हयातभर एक व्यावहारिक आग्रह धरला होता. छापून झालेले मूळ चित्र प्रकाशकाने चित्रकाराला परत केले पाहिजे, आणि चित्रकारालाही लेखकाप्रमाणे स्वामित्वहक्क असला पाहिजे. छापखान्यातून चित्र परत येईना अशी जपानातही त्या काळी रीत होती. तिने ती मोडली, म्हणून चित्रे उरली; चित्रे उरली म्हणून संग्रहालय झाले; संग्रहालय होते म्हणून पुस्तकाला चेहरा मिळाला. मराठीत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या पिढीने दिवाळी अंकांना केवढे वैभव दिले हे नव्याने सांगावयास नको. त्यांनी काढलेल्या चित्रांपैकी मूळ चित्रे किती जपली गेली याची विचारपूस मात्र आपल्या प्रकाशनव्यवसायाने क्वचितच केली आहे. मुखपृष्ठाचे पैसे एकदा चुकते केले की चित्राशी संबंध संपला, हा हिशेब त्या एका अंकापुरता सोयीचा असतो. पन्नास वर्षांच्या ताळेबंदात तो घाट्याचा ठरतो.

मराठी पुस्तकाच्या बाजारात हजार प्रतींची आवृत्ती ही सर्वसाधारण मजल समजली जाते. अशा बाजारात परभाषेतील सचित्र पुस्तक, हक्कांचे पैसे मोजून आणि किंमत शिक्षकाच्या खिशाला पेलेल अशी ठेवून काढणे खाजगी प्रकाशकाला अवघडच. ते काम १९५७ साली स्थापन झालेल्या एका सार्वजनिक संस्थेने केले. सार्वजनिक पैशाने चालणारी प्रत्येक गोष्ट तोट्याची असते, असे म्हणण्याचा आज प्रघात आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या ग्रंथविक्रीच्या गाडीतून हे पुस्तक विकत घेणाऱ्या तालुक्याच्या गावच्या शिक्षकाला त्या तोट्याचा लाभ मिळाला, ही नोंद कोणत्या खात्यावर करावयाची?

पण येथून पुढचा विषय पुस्तकाचा नाही, शाळेचा आहे.

तोमोए हे नाव घेऊन कोबायाशींनी शाळा उघडली ते साल १९३७. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखांना वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून डॉ. झाकिर हुसेन समिती, तिचा अहवाल आणि ‘नई तालीम’ या नावाने ओळखली जाणारी शिक्षणयोजना जन्माला आली. टोकियोच्या उपनगरातील त्या संगीतप्रेमी मुख्याध्यापकाला वर्ध्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते, आणि सेवाग्रामला (त्या वेळच्या शेगावला) जियुगाओका ठाऊक नव्हते. युरोपात जाऊन दालक्रोझ यांच्या लयबद्ध हालचालींच्या पद्धतीचा अभ्यास करून आलेला एक मनुष्य, आणि टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल व समाजशास्त्र शिकता येईल असे म्हणणारा दुसरा. मार्ग भिन्न, परंतु मूल हे भरावयाचे भांडे नव्हे, हाताने काही करता करता ते शिकते, हा विश्वास एकच.

साम्य दाखविताना भेद झाकणे बरे नव्हे. तोमोए ही खाजगी शाळा होती आणि तिच्यात बरीचशी मुले शहरी, सुस्थित घरांतून येत. तोत्तोचे वडील नामांकित व्हायोलिनवादक होते. वर्धा योजना खेड्यातील, ज्याच्या घरी दिव्याला तेल नाही अशा मुलासाठी होती. समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिली होती, आणि उत्पादनातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा परिषदेच्या ठरावात नोंदविली होती. प्रा. के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्या अपेक्षेवर तेव्हाच शंका घेतली, आणि ती शंका अनाठायी नव्हती. मुलांनी काढलेल्या सुतावर शाळेचा खर्च कधी निघाला नाही. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी सेवाग्रामला जे उभे केले त्याचे मोल सुताच्या लडीत मोजताच येत नव्हते. परंतु शाळेने आपला खर्च स्वतः भागवावा हा जो अर्धाकच्चा विचार त्या ठरावात होता, तोच आज निराळ्या वेषात परत आलेला दिसतो. फरक इतकाच की गांधीजींना मुलाच्या हाताला काम द्यावयाचे होते; आजच्या हिशेबनीसाला दरडोई खर्च कमी करावयाचा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविले. तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. अशा शाळांची संख्या राज्यात १५ हजारांच्या घरात असल्याचे त्या वेळी समोर आले. गदारोळ झाल्यावर एकही शाळा बंद करण्याचा हेतू नाही असा खुलासा सरकारतर्फे झाला. परंतु २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झालेलाच होता. त्यामुळे खुलाशावर गावकऱ्यांचा विश्वास बसत नाही, यात नवल नाही.

तोमोएमध्ये सारी मिळून पन्नासच्या आसपास मुले होती. सहा वर्गांत वाटली तर एका वर्गात आठ-नऊ. तोत्तोच्या वर्गाचा पट आज आपल्या खात्याच्या तक्त्यात लाल शाईने दाखविला गेला असता.

लहान शाळा महाग पडते, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. अठरा मुलांना दोन शिक्षक दिले की दरडोई खर्च मोठ्या शाळेच्या कितीतरी पट येतो. परंतु सरासरी खर्च आणि वाचणारा खर्च यांत अंतर असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. शाळा बंद झाली म्हणून शिक्षक घरी जात नाहीत, त्यांचे दुसरीकडे समायोजन होते आणि पगार चालूच राहतो. इमारत आधीच बांधलेली असते. नव्याने येतो तो बसचा खर्च, समूह शाळेच्या वाढीव खोल्यांचा खर्च, आणि जो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही तो पालकांचा खर्च. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील एखाद्या टोकाच्या वस्तीवर जाऊन पाहावे. ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की पांदण रस्ता चिखलात बुडतो. बस येणारच असेल तर ती डांबरी सडकेपर्यंत येईल. सहा वर्षांच्या मुलीला तेथवर सोडायला आणि संध्याकाळी आणायला कोणीतरी जाणार. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की आईची मजुरी किलोवर असते. तिचा रोजचा तास-दीड तास गेला तर तितका कापूस कमी. काही आठवडे ती जाईल, मग मुलगी घरी राहील आणि धाकट्याला सांभाळील. शिक्षण खात्याच्या हिशेबात बचत झाली. खर्च फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेला.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक दिले, आणि पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा दंडक त्याखालील नियमांनी घातला. हा दंडक दयेपोटी घातलेला नाही. लहान मूल जितके चालू शकते तितकेच त्याचे जग, हे त्यामागचे साधे सत्य आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पट कमी झाला की शाळा तोमोए होते असे नव्हे. चौथीत एकच मुलगा आणि त्याला खेळायला जोडीदार नाही, ही स्थिती त्या मुलाच्या दृष्टीने शोचनीयच. दोन शिक्षकांपैकी एक सतत बैठकांना, माहिती भरायला, पोषण आहाराच्या नोंदींना जुंपलेला. उरलेला चार इयत्ता एका खोलीत बसवून वेळ काढणारा. पट घसरतो तोही केवळ जन्मदर उतरल्याने नव्हे. सकाळी गावात ‘कॉन्व्हेंट’ची पिवळी गाडी येते आणि ज्याला परवडते तो आपले मूल तीत बसवतो. त्या गाडीत गावच्या शाळेतील शिक्षकाचेही मूल असते, हे येथे केवळ जाता जाता. जपानातही आज मुलेच नाहीत म्हणून दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. मात्र त्याच देशाने १९५४ साली दुर्गम भागातील शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तेथे जाणाऱ्या शिक्षकाला विशेष भत्त्याची तरतूद केली, हेही सांगितले पाहिजे. जेथे चार मुले उरली तेथील शिक्षक ही शिक्षा नव्हे, नियुक्ती समजली गेली.

म्हणून वाद लहान शाळा की मोठी शाळा असा नाहीच. लहान शाळेत जे शक्य असते ते करण्याची मोकळीक शिक्षकाला आहे काय, हा आहे. कोबायाशी सकाळी दिवसभराच्या विषयांची यादी फळ्यावर लिहवून घेत आणि कोणत्या विषयापासून आरंभ करायचा ते मुलांवर सोपवीत. नऊ मुलांच्या वर्गात ते साधते, नव्वदांच्या नाही. क्रीडादिनाच्या शर्यती त्यांनी अशा योजल्या की ज्या मुलाची वाढ खुंटलेली होती तोच त्या सर्व जिंकू शके, आणि बक्षिसे होती मुळा, पालेभाजी अशी, जी मुलांनी घरी नेऊन आईला द्यावयाची. त्याच मुलाला एका शिक्षिकेने वर्गात, मानवाच्या उत्क्रांतीविषयी सांगता सांगता, तुला शेपटी आहे का, असे सहज थट्टेने विचारले. मुख्याध्यापकांनी तिला नंतर आपल्या घराच्या स्वयंपाकघरात, इतर शिक्षकांच्या कानांवर पडू नये अशा जागी, त्याबद्दल कठोर शब्दांत खडसावले. तोत्तोने ते योगायोगाने ऐकले. शिक्षक म्हणून ज्यांनी पाच-पंचवीस वर्षे काढली आहेत त्यांनी हे एवढे दीड पान तरी दरवर्षी एकदा वाचावे. रागावण्याचा हक्क त्यांनी बजावला, परंतु रागावलेल्या माणसाची अब्रू राखून. आपल्याकडे तपासणीला आलेला अधिकारी मुलांदेखत शिक्षकाचा पाणउतारा करतो आणि तोच शिक्षक दुसऱ्या तासाला तो मुलांवर फेडतो.

तोमोए आठ वर्षे चालली. १९४५ साली विमानांतून पडलेल्या बॉम्बनी ते डबे जळाले. कोबायाशींनी युद्धानंतर बालवाडी काढली, संगीत महाविद्यालयाला बालशिक्षणात साहाय्य केले. पण तशी शाळा पुन्हा उभी करण्यापूर्वीच १९६३ साली ते वारले. त्या शाळेतून निघालेल्यांत एक जण अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानाचे संशोधन करणारा झाला. मोठे झाल्यावर तोमोएतच शिक्षिका होईन, असे वचन तोत्तोने मुख्याध्यापकांना दिले होते. शाळाच उरली नाही.

वर्ध्याचे नशीब थोडे बरे. सेवाग्रामची शाळा मध्यंतरी बंद पडली, परंतु २००५ साली नई तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू केली. तेथे मुले शेती करतात, स्वयंपाक करतात आणि मराठीतून शिकतात. जपानशी या गावाचा संबंध याहून जुना आहे. १९३३ साली निचिदात्सु फुजी हे भिक्षू गांधीजींना भेटावयास वर्ध्याला आले, त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला, आणि गोपुरीजवळचा विश्वशांती स्तूप त्यांच्याच परंपरेने बांधला. सहली येतात, गीताई मंदिर पाहतात, स्तूप पाहतात, बापूकुटीत पादत्राणे काढून दोन मिनिटे बसतात. त्या सहलींतील शिक्षकांपैकी काहींच्या पिशवीत ‘तोत्तोचान’ही असेल.

जपानमधील नागानो भागात, चिहिरोच्या नावाने उभारलेल्या बागेत, २०१६ साली रेल्वेचे दोन जुने डबे आणून ठेवले आहेत. त्यांतल्या एकात वर्ग मांडला आहे आणि दुसऱ्यात तोमोएसारखे ग्रंथालय. मुले येऊन बसतात, पुस्तके चाळतात. शाळा नष्ट झाल्यावर तिचे स्मारक करणे जपानी माणसाला साधले, कारण त्याच्या हाती दुसरा उपाय नव्हता. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, आणि कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरत आले आहे. तोवर वस्तीवरच्या शिक्षकाच्या हाती तीन महिने असतात. त्या तीन महिन्यांत तो मुले शिकवील की घरोघर फिरून दोन नावे जास्त मिळवील, याचे उत्तर त्याला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळालेले नाही.